धावपट्टीच्या टोकावरचे स्वामी

हरहुआ मागे पडलं तरी धुकं हटेना. विश्वजीत जीप अक्षरशः रांगवत होता. त्याच्या शेजारी नीलकंठदादा डोळे मिटून बसले होते, आणि मागे श्रीरामची टकळी शिवपूरपासून सुरू झाली होती ती थांबायला तयार नव्हती. विमानतळ वाढणार म्हणजे काय गंमत आहे का. आज दिल्लीचं विमान बाबतपूरला उतरतं तेव्हा पायलटच्या पोटात गोळा येतो, कारण पट्टी संपते आणि लगेच आंब्याची झाडं. उद्या मोठी विमानं येतील, जपानी लोक सरळ सारनाथला उतरतील. त्यासाठी पट्टी पुढे सरकायला हवी, आणि ती सरकणार कुठे, गंगेत? सरकणार आपल्याच बगीच्यातून.

इंदूने शाल कानांवर घट्ट ओढून घेतली. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात तिने या धाकट्या भावाच्या तोंडून इतक्या गोष्टींची वकिली ऐकली होती की आता तिला त्याचा नुसता आवाज ऐकू यायचा. मागच्याच महिन्यात रेल्वेतून निवृत्त झालेला हा माणूस जन्मात कधी विमानात बसलेला नव्हता. पण त्याचा मुलगा विश्वजीत विमानतळाच्या कामावर ज्युनियर इंजिनीयर होता, आणि बागेतली समाधी हटली नाही तर त्याची बदली ठरलेली होती. बापाला एकाएकी देशाचा विकास आठवला होता तो असा.

"ते सगळं ठीक," शेजारी बसलेल्या शरदिनीवहिनी म्हणाल्या. त्या नीलकंठदादांच्या पत्नी. घरात दिवसाकाठी दहा वाक्यं बोलायच्या, त्यांतलं हे पहिलं. "पण हाडं निघाली की सोवळ्यात कोणी घ्यायची ते ठरलंय का?"

ते मात्र ठरलेलं नव्हतं. सात महिने काशीतल्या ब्रह्मा घाटावरच्या टेंभेकरांच्या घरात याच एका गोष्टीवर भांडण चाललं होतं आणि शहाण्णव साल संपत आलं तरी ते पुरतं मिटलं नव्हतं. उतरणाऱ्या विमानाला वाट दाखवणाऱ्या दिव्यांची रांग बागेतून जायची होती. नकाशावर सात नंबरचा खांब बरोबर स्वामींच्या समाधीवर पडत होता. दादांचं म्हणणं, संन्याशाची समाधी हलत नाही, विमानाने आपली वाट बदलावी. श्रीरामचं म्हणणं, विमान ब्रह्मा घाटाचं ऐकत नाही. शेवटी तोडगा निघाला तो असा की अस्थी वर काढायच्या, दगडी पेटीत ठेवायच्या आणि घाटासमोर मधल्या धारेत पेटी सोडून जलसमाधी द्यायची.

इंदूने या सगळ्यात एकच गोष्ट मागितली होती. पेटी घाटावर न्यायच्या आधी एकदा घराच्या उंबरठ्याच्या आत आणायची. घटकाभर. ओसरीवर ठेवली तरी चालेल.

दादांनी नाही म्हटलं होतं. संन्यासी पूर्वाश्रमीच्या घरात पाऊल टाकत नाही.

"तो पाऊल टाकणार नाहीये, दादा. मी उचलून आणीन."

तरी नाही. इंदूने तेव्हापासून त्यांच्याशी कामापुरतंही बोलणं सोडलं होतं.

स्वामी म्हणजे त्यांचे वडील. नरहरशास्त्री टेंभेकर. त्रेचाळीस साली इंदू आठ वर्षांची असताना त्यांना विषमज्वर झाला, वैद्यांनी हात टेकले, आणि घराचा कारभार पाहणाऱ्या थोरल्या बिंदुमाधवकाकांनी ठरवलं की भाऊ मरणारच आहे तर संन्यासी होऊन मरू दे. त्याने मोक्ष मिळतो, कुळ उद्धरतं, आणि चार लोकांत घराचं नाव होतं. शेवटचं कारण काका बोलले नव्हते. तापात बरळणाऱ्या माणसाची शेंडी कापली, जानवं तोडून पाण्यात सोडलं, त्याच्याच हाताने त्याचं श्राद्ध करवलं आणि भगव्यात गुंडाळून ठेवला. आईचं कुंकू त्याच दिवशी पुसलं. शास्त्रात तसं सांगितलंय की नाही यावर गल्लीत दोन मतं होती, पण काकांना वाट बघायची नव्हती.

आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

मरणाच्या दारातून माणूस परत आला आणि घरात एकालाही आनंद दाखवता येईना. संन्यास एकदा घेतला की घेतला. परत संसारात येणाऱ्यासाठी शास्त्रात जो शब्द आहे तो घरात उच्चारायलाही लोक घाबरायचे. वडिलांना पाटावर बसवून मागच्या दाराने बाहेर काढलं आणि सात कोसांवर बाबतपूरच्या बागेत कुटी बांधून ठेवलं. तिथे ते चार वर्षं राहिले. इथे आई चार वर्षं कपाळ पांढरं ठेवून भाजी चिरत राहिली, नवरा सात कोसांवर जिवंत असताना. मग एक दिवस काका बाबतपूरहून आले आणि म्हणाले, स्वामींनी देह ठेवला, बागेतच भूसमाधी दिली. दादा तेव्हा बावीस वर्षांचे होते. त्यांनाही जाऊ दिलं नव्हतं. पूर्वाश्रमीच्या मुलाने बघायचं नसतं, म्हणून.

त्या समाधीवर टेंभेकरांचं घर पन्नास वर्षं उभं होतं. दादांच्या वेदपाठशाळेच्या पाटीवर स्वामी नृसिंहाश्रम हे त्यांचं संन्यासातलं नाव होतं. दूधविनायकापासून शिंदे घाटापर्यंत 'स्वामींचे टेंभेकर' म्हटलं की लोक बाजूला होऊन वाट द्यायचे. पितृपक्षात त्यांचं श्राद्ध त्यांच्या तिथीला व्हायचं नाही, संन्याशांच्या द्वादशीला व्हायचं, आणि त्या दिवशी दादांच्या चेहऱ्यावर जे तेज यायचं ते बघून इंदूला कधी कधी ताट फेकून द्यावंसं वाटायचं.

चोविसाव्या वर्षी विधवा होऊन ती याच घरात परत आली होती. मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलं. गुरुपौर्णिमेला बसने बाबतपूरला जायची, समाधीला पाणी घालायची, आणि परत यायची. बाकी कोणी जात नव्हतं. तिला वडील म्हणून जे काही होतं ते त्या चौथऱ्याखाली होतं.

बागेत पोचले तेव्हा अर्धी झाडं तुटलेली होती. लंगडा आंब्याचे जुने बुंधे लाल रंगाचे खुणेचे खुंटे शेजारी घेऊन पडले होते. एक पिवळं मशीन सोंड वर करून उभं होतं आणि त्याच्या चाकाशी मजूर काटक्या जाळून हात शेकत होते. नायब तहसीलदार पांडेजी मफलर, टोपी आणि वर पुन्हा मफलर अशा थाटात आपल्या गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून तयार होते. पंचनामा करायचा, पाच सह्या घ्यायच्या आणि बारापर्यंत जागा रिकामी करून द्यायची, हे त्यांनी नमस्काराच्या आधीच सांगितलं.

बागेचा राखणदार बुझारत राजभर पोखऱ्याच्या, म्हणजे बागेतल्या तळ्याच्या काठावरच्या आपल्या झोपडीच्या दारात उभा होता. पासष्टीचा. राजभर ही तिकडे खालची मानलेली जात. त्याच्या आधी त्याचा बाप बाग राखायचा. त्याने लांबूनच हात जोडले. दादांनी मान हलवली. त्यांच्यात पन्नास वर्षांत यापेक्षा जास्त देवाणघेवाण झालेली नव्हती. बुझारतच्या हातचं पाणी दादा प्यायचे नाहीत, बुझारत द्यायचा नाही, आणि दोघांनाही त्यात बोलण्यासारखं काही वाटायचं नाही. इंदू प्यायची. ते ती घरी सांगायची नाही.

दादांनी पाणी शिंपडलं, मंत्र म्हटले. श्रीरामने फावड्याचा पहिला घाव घातला आणि लगेच कंबर धरली. मग मजुरांनी चौथरा उकलला. विटा साध्याच होत्या, गाऱ्यात बसवलेल्या. दादा खड्ड्याच्या काठावर उभं राहून आज पहिल्यांदाच सलग बोलू लागले, आणि तेही मजुरांशी, हिंदीतून. संन्याशाला बसवून पुरतात. भोवती मीठ भरतात, मणांनी. तेव्हा तीन-साडेतीन फुटांवर माती पांढरी लागेल. तिथून पुढे फावडं नको, खुरपं घ्या. सगळ्यात आधी डोकं लागेल.

सगळे वाकून बघत राहिले. तीन फूट झाले. साडेतीन. माती पिवळट, चिकट, एकसारखी. चार फूट. खुरपी घेतलेले दोघं जण इतक्या हलक्या हाताने खरवडत होते की जणू तान्ह्या पोराच्या अंगावरची माती काढतायत. पाच फूट. कुठेतरी वर, धुक्याच्या पलीकडे, विमान घरघरत गेलं. विश्वजीत घड्याळाकडे बघून म्हणाला, दिल्लीची फ्लाइट, जमीन दिसत नाहीये, चक्कर मारतेय.

सहा फुटांवर मुकादम खड्ड्यातून वर आला. त्याने हातातला मातीचा गोळा फोडून दाखवला.

"बाबूजी, ये मिट्टी कभी खोदी ही नहीं गई."

"मतलब?" श्रीराम म्हणाला.

"खोदी हुई मिट्टी अलग होती है. भुरभुरी होती है, उसमें ईंट-कोयला कुछ मिला रहता है. ये तो जैसी भगवान ने रखी थी वैसी है."

मग जो गोंधळ झाला त्याला ना बूड ना शेंडा. श्रीराम म्हणाला, जागा चुकली. विश्वजीत म्हणाला, जागा कशी चुकेल, चौथरा इथेच होता. श्रीराम म्हणाला, मिठाने हाडं विरघळली असतील. विश्वजीत म्हणाला, बाबा, मिठात हाडं टिकतात. मग दोन फूट डावीकडे खणलं, दोन फूट उजवीकडे खणलं, खड्डा एवढा झाला की त्यात जीप मावली असती, आणि निघालं काय, तर आंब्याच्या मुळ्या. दादा एकटेच काठावर हलले नव्हते. ते खड्ड्यात बघत नव्हते, खड्ड्याच्या पलीकडे कुठेतरी बघत होते. इंदूला त्यांच्याकडे बघून पहिल्यांदा भीती वाटली. तिला स्वतःला काय वाटत होतं ते तिला कळेना. रडू येत नव्हतं. कोणाला तरी हाक मारावी आणि दार उघडल्यावर घर भलत्याचंच निघावं, तसं काहीतरी.

आणि अशा वेळी श्रीरामला सुचलं.

"दादा," तो एकदम हळू आवाजात म्हणाला, "असं तर नसेल? स्वामी सदेह गेले."

त्याने ते मराठीत म्हटलं होतं, पण 'सदेह' कळायला मराठी लागत नाही. मुकादमाने खांद्यावरचा गमछा काढून हात जोडले. दोन मजूर खड्ड्याच्या काठाला हात लावून तो कपाळाला लावू लागले. शेकोटीपाशी बसलेले उठून आले. कोणीतरी एक मूठ गेंद्याची फुलंही आणली, इतक्या धुक्यात कुठून ते देव जाणे. सकाळी जीपमध्ये विमानतळाचं स्तोत्र म्हणणारा श्रीराम आता छाती काढून सांगत होता की पट्टी-बिट्टी नंतर, आधी इथे मंदिर झालं पाहिजे. विश्वजीतचा चेहरा पांढरा पडला.

"बाबा, धीरे बोलिए," तो दातओठ खात म्हणाला. "गावात पसरलं ना, तर उद्या इथे हजार माणूस बसेल. पट्टी गई काम से. माझी नोकरी गेली. आप समझ रहे हैं?"

"नोकरी काय रे, नोकऱ्या छप्पन मिळतात. असा आजोबा मिळेल?"

"सात महिने तुम्हीच तर नीलकंठकाकांच्या मागे लागला होता."

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"आता काय माहीत झालं? खड्डा रिकामा आहे, एवढंच ना?"

बापलेक एकमेकांच्या अंगावर धावून जायचे बाकी राहिले. इंदूने दादांकडे बघितलं. तिला वाटलं होतं ते श्रीरामला झापतील. त्यांची नजर मजुरांच्या जोडलेल्या हातांवर खिळली होती. त्यांना ते हवं होतं. एकाहत्तर वर्षांच्या विद्वान माणसाला तो रिकामा खड्डा चमत्कार व्हायला हवा होता. तिला त्यांची कीवही आली आणि चीडही. इतकी वर्षं या घराने तिच्या बापाची पाटी करून दारावर लावली, आता त्याचा देव करून रानात बसवणार. माणूस म्हणून कोणी त्याला घरात घेणार की नाही?

तेवढ्यात तिचं लक्ष बुझारतकडे गेलं. सगळे खड्ड्याकडे धावले होते, तो मात्र झोपडीच्या दारात उकिडवा बसून जमिनीकडे बघत होता. ज्याला आश्चर्य वाटलेलं नाही असा बागेतला तो एकटाच माणूस होता.

इंदू त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बुझारत भइया, तुम जानते हो."

त्याने दादांच्या दिशेने बघितलं आणि म्हणाला, बड़े महाराज के सामने कैसे बोलूँ. इंदू म्हणाली, बोल, मी आहे. दादा तोपर्यंत पाठीमागे येऊन उभे राहिले होते, आणि त्यांच्या मागे बाकीचे.

त्याने जे सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं, मध्येमध्ये खोकत, आणि एकदाही कोणाच्या डोळ्यांत न बघता. स्वामीजी दुसऱ्याच वर्षी भगवं सोडून धोतर नेसायला लागले होते. बाबूला, म्हणजे बुझारतच्या बापाला, बाजारात पाठवून जानवं मागवलं. शेंडी वाढवली. कुटीत चूल मांडली आणि स्वतःच्या हाताने रांधायचे, वाईट रांधायचे. संध्याकाळी बागेच्या टोकाला जाऊन बनारसच्या रस्त्याकडे बघत उभे राहायचे. काकांना दोनदा निरोप पाठवला की मला घरी न्या, लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. काकांनी निरोप आणणाऱ्याला तंबी दिली. सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात पटकी आली, त्यात ते गेले. जायच्या आधी बाबूचा हात धरून म्हणाले, मला पुरू नका. मी बालबच्चेवाला माणूस आहे. मला जाळा.

"बाबू शहर दौड़े थे. काका महाराज ने दरवाज़े पर ही कह दिया, संन्यासी को आग नहीं दी जाती, मिट्टी दे दो. बाबू लौट आए. गर्मी का दिन, लाश कितना रुकती. और उनकी बात भी थी." बुझारतने खोकला गिळला. "तो हमारे बाबू ने आग दी, महाराज. यहीं पोखरे के किनारे. हम लकड़ी ढोए थे. हम पंद्रह-सोलह के थे."

"आणि चौथरा?" विश्वजीतने विचारलं.

चौथरा आठ दिवसांनी काकांनी बांधून घेतला. बाबूला म्हणाले, तोंड उघडशील तर बागेतून जाशील. बाबूने उघडलं नाही. मरताना मुलाला सांगून गेला, तूही उघडू नकोस.

"राख?" इंदूने विचारलं.

"वरुणा में."

वरुणा गंगेला मिळते ती ब्रह्मा घाटाच्या पुढे, खाली. म्हणजे पाण्यातूनसुद्धा ते घरावरून गेले नव्हते.

श्रीराम सगळ्यांत आधी सावध झाला. हा खोटं बोलतोय, तो म्हणाला. बाग जातेय, झोपडी जातेय, तेव्हा याला आता नातं काढायचंय. आग दिली म्हणजे वारस झाला, उद्या हाच म्हणेल माझं नाव लावा. आणि समजा खरं असलं, तरी हे बाहेर जाता कामा नये. टेंभेकरांच्या स्वामींना राजभराने अग्नी दिला. शास्त्र्यांच्या गल्लीत राहायचंय ना आपल्याला? तो पांडेजींकडे वळला आणि हिंदीतून म्हणाला की लिहा, अस्थी मिळाल्या, कुटुंबाने ताब्यात घेतल्या. एक मडकं आणा रे कोणीतरी, माती भरा.

विश्वजीतला हे ताबडतोब पटलं. चमत्कार नको, भानगड नको, मडकं चालेल. मघाशी भांडणारे बापलेक एका बाजूला झाले. पांडेजींना काहीच वावडं नव्हतं, त्यांना पाच सह्या हव्या होत्या.

"माझी मिळणार नाही," इंदू म्हणाली.

"ताई, आता तू हट्ट धरू नको. तुला घरात आणायचे होते ना? मडकं आण घरात. मी दादांना सांगतो."

"माती आणू?"

"कोणाला कळणार आहे?"

"मला वडील हवे होते, श्रीराम. तू मला मडकं देतोयस." तिचा आवाज चढला, तिला तो आवरला नाही. "मी एकदा इथे आले होते, तुला माहीत नाही. आईलाही माहीत नव्हतं. अकरा वर्षांची होते, शिधा घेऊन येणाऱ्या इक्क्यात लपून बसले. त्यांनी मला बघितलं आणि काय विचारलं सांगू? ब्रह्म नाही, माया नाही. विचारलं, इंदू, आज घरी काय केलंय जेवायला. मी म्हटलं, भोपळ्याची भाजी. तर म्हणाले, मेथ्या घातल्यात का. आणि रडायला लागले. भोपळ्याच्या भाजीसाठी रडणारा माणूस होता तो. त्याला तुम्ही स्वामी म्हणता."

शरदिनीवहिनी पदराने नाक पुसत म्हणाल्या, "वन्सं, मेथ्या अजूनही घालतात हो आपल्याकडे."

दादा मात्र या सगळ्यात नव्हतेच. ते बुझारतकडे बघत होते. मग, पन्नास वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी त्याला सरळ प्रश्न विचारला. आवाज पाठशाळेतला होता, विद्यार्थ्याला पाठ विचारताना असतो तसा.

"जनेऊ था गले में? आख़िर तक?"

"था महाराज. उसी के साथ गए."

"दसवाँ किसने किया?"

"बाबू ने. सिर मुँड़ाया था. तेरहवीं भी की. पूरी बस्ती ने खाया."

"तिथि?"

बुझारतने बोटांवर मोजलं नाही. त्याला पाठ होती. जेठ, उजेला पाख, नवमी. म्हणजे ज्येष्ठ शुद्ध नवमी. "हम हर साल उस दिन पोखरे पर पानी देते हैं," तो म्हणाला आणि काहीतरी चूक कबूल केल्यासारखा ओशाळला.

दादांनी डोळे मिटले. उकललेल्या चौथऱ्याच्या विटांच्या ढिगावर ते कसेबसे टेकले आणि बाजूला कलंडू लागले. सगळ्यांत जवळ बुझारत होता. तो हात पुढे करून धावला.

"छूना मत," दादा म्हणाले.

बुझारतचा हात हवेत राहिला. इंदूच्या डोक्यात तिडीक गेली. या माणसाच्या बापाने तुमच्या बापाला खांदा दिला, आग दिली, केस उतरवले, तुम्ही त्याच्या नावाने पाठशाळा चालवत होतात तेव्हा हा त्याला पाणी देत होता, आणि अजून तुम्हाला याचा विटाळ? ती हे सगळं बोलणार होती, चारचौघांत बोलणार होती, आणि परिणाम गेले खड्ड्यात. तिने तोंड उघडलं.

"हमें मत छुओ," दादा पुन्हा म्हणाले, या वेळी हळू. "तुमको दोष लगेगा. हमको सूतक है."

इंदूचं तोंड उघडंच राहिलं. तिला लगेच कळलं नाही. मग कळलं. आई-बापाचं मरण मुलाला कितीही उशिरा कळो, वर्षाने कळो की पन्नास वर्षांनी, कळल्या दिवसापासून दहा दिवस त्याने सुतक धरायचं असतं. दादा हे दर वर्षी शिकवायचे. आणि संन्याशाचं सुतक नसतं. कोणालाच नसतं.

"किसका सूतक?" पांडेजी बॉनेटवरचे कागद सावरत जवळ आले. ते पार गोंधळून गेले होते.

"पिताजी का."

"अरे. कब गुज़रे?"

दादांनी एकदा बुझारतकडे बघितलं. "आज सुना," ते म्हणाले.

श्रीराम पुढे झाला. दादा, घाटावर लोक विचारतील, काय सांगायचं, पाठशाळा दहा दिवस बंद का, स्वामींचं काय झालं, हे सगळं तो एका दमात बोलला. दादांनी त्याला एवढंच विचारलं की तू डोकं इथे करणार की घाटावर. श्रीरामने नकळत आपल्या केसांना हात लावला.

मग त्यांनी पांडेजींना कागद खाली ठेवायला सांगितलं, हातातून नको. छापल्यासारख्या अक्षरात वर लिहिलं होतं, स्वामी नृसिंहाश्रम यांची समाधी. त्यांनी ते खोडलं. खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, नरहर विश्वेश्वर टेंभेकर, गृहस्थ, दाह याच बागेत झाला, समाधीत काही नाही. सही केली. इंदूने केली. वहिनींनी केली. विश्वजीत थोडा वेळ पेन फिरवत उभा राहिला, एकदा बापाकडे बघितलं आणि त्यानेही केली. पाचवी सही राहिली. श्रीराम मशीनकडे तोंड करून उभा होता.

"बुझारत," दादा म्हणाले, "दस्तख़त आता है?"

"अँगूठा, महाराज."

"तो वही."

पांडेजींनी शाईचा डबा शोधायला माणूस पाठवला. दादा विटांवरून उठले, यावेळी स्वतःच. शरदिनीवहिनी सवयीने आधाराला जाऊन मध्येच थबकल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की सून म्हणून आपल्यालाही आहेच, आणि त्यांनी दंड धरला.

चालता चालता दादा इंदूपाशी थांबले. सात महिन्यांत ते पहिल्यांदा तिच्याशी आपणहून बोलत होते.

"घरी गेल्यावर वेगळं बसावं लागेल. ओसरीवर," ते म्हणाले. "तुला तीनच दिवस आहे, इंदू. तू लग्न होऊन गेलेली."

"मी दहा धरणार."

ते शास्त्र सांगतील म्हणून ती वाट बघत राहिली.

"धर," दादा म्हणाले.